पाकिटातल्या शेवया, घरची फोडणी

भगिनींनो, दिवाळीची आवराआवर संपते, डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरतो, आणि बाहेरगावी शिकणारी मुले परतीच्या तयारीला लागतात. आमच्या मूर्तिजापुरात त्या दोन-चार दिवसांत एस.टी. स्टँडवर काय आणि स्टेशनवर काय, पिशव्यांचीच गर्दी असते. कुणी अकोल्याला निघालेले, कुणी अमरावतीला, कुणी थेट पुण्याला. अशाच एका दुपारी शेजारच्या वहिनी घाईघाईने माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी अमरावतीला कॉलेजात शिकते. तिघी मुली मिळून एक खोली भाड्याने घेऊन राहतात. दिवाळीला घरी आली तीच मुळी फिकुटलेली. जिना चढताना धाप लागायची. शेवटी डॉक्टरांकडे नेले, रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. बाईमाणसाचे निदान बारा तरी असावे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "जेवतेस काय?" तर ही म्हणाली, "रात्री मॅगी."

वहिनी माझ्यासमोर बसून डोळ्यांना पदर लावू लागल्या. "ताई, तुम्ही तं लिहिता. हे पाकिटं बंद करा म्हणून लिहा न काही. अन् पोट्टी आयकतच नसन, तं मग त्यात काय घालाव, ते तरी सांगा."

मी म्हटलं, पोरीला माझ्याकडे पाठवा. मटार सोलायला बोलावते म्हणून सांगा.

पोरगी आली. शेंगा सोलता सोलता हळूच म्हणाली, "काकू, मले काही लय आवडते म्हणून नाही खात मी. दोन महिने झाले, मेस बंद केली. बाबांचं सोयाबीन पावसात गेलं. कॉलेजची फी भरली त्यांनी, मग मेसचे पैसे कुठून आणतीन ते? दहा रुपयांच्या पाकिटात रात्र निघून जाते. पण आईले सांगू नका."

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी कळले की हा प्रश्न नुसता जिभेच्या चोचल्यांचा नाही. आपण एरवी अगदी सहज म्हणून जातो, "आजकालच्या पोरांना घरचे नकोच!" पण पाच-दहा रुपयांचे पाकीट कुणी हौसेने खाते, कुणी कंटाळ्याने, तर कुणी नाइलाजाने. तिघांना एकच उपदेश करून भागत नाही. म्हणून आज ठरवले की पाकिटाला नावे ठेवत बसायचे नाही. ते स्वस्तातले पाकीट चवीला चांगले कसे होईल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोटाला थोडे उपयोगी कसे पडेल, हे पाहायचे. आईला सांगायचे की नाही, या प्रश्नाचे मी काय केले ते शेवटी सांगते.

ही शेवई आली कुठून?

आपल्याकडे कुठल्याही कंपनीचे पाकीट असो, पोरे त्याला 'मॅगी'च म्हणतात. त्या नावाच्या दोन मिनिटांच्या नूडल्स भारतात १९८३ साली आल्या. पण मूळ युक्ती जपानची. महायुद्धानंतर तिथे अन्नाची टंचाई होती. गरम नूडल्ससाठी थंडीत लोकांच्या रांगा लागत. ते पाहून मोमोफुकू अँडो नावाच्या गृहस्थाने घरामागच्या खोपटात महिनोन्‌महिने खटपट केली आणि १९५८ साली पहिल्या झटपट नूडल्स विकायला आणल्या. गंमत अशी, की गरिबांची म्हणून आज ओळखली जाणारी ही वस्तू तेव्हा तिथे दुकानातल्या ताज्या नूडल्सपेक्षा महाग होती.

युक्ती मात्र अगदी आपल्या स्वयंपाकघरातली आहे. उकडलेल्या शेवया त्याने गरम तेलात तळल्या. तळताना आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि शेवईला बारीक बारीक भोके पडतात. पुढे त्यावर उकळते पाणी घातले की ते त्या भोकांतून भराभर आत शिरते. म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. कुरडई तळताना पाहा, चुरचुर आवाज करीत कशी फुलते! तोही आतल्या ओलाव्याचाच खेळ. या शेवयांना पिवळसर रंग आणि रबरासारखा ताण येतो तो खारामुळे. पाकिटामागे ५००(i), ५०१(i) असे आकडे छापलेले दिसतात. घाबरू नका. ते पापडखाराच्या जातीचेच क्षार आहेत. उडदाच्या पापडात आपण घालतोच की!

आपल्या वऱ्हाडाला तर शेवयांचे काही नवल नाही. चैत्र-वैशाखात वाळवणे सुरू झाली की पाटावर हाताने ओढलेल्या केसासारख्या शेवया आणि काडीवर गुंडाळून काढलेले सरगुंडे घरोघर व्हायचे. वाळवून डबे भरायचे. जावई आला, आंबे पिकले, की उकडलेले सरगुंडे आणि आमरस. वहिनींच्या सासूबाईंना मी या पाकिटाबद्दल विचारले, तर त्या म्हणाल्या, "आमच्या सरगुंड्याले कराले लागत दोन दिवस, अन् खाले दोन मिनिटं. याचं उलटं हाय. कराले दोन मिनिटं, अन् पचाले दोन दिवस!"

पचनाचे सोडा, पण म्हातारीच्या बोलण्यात एक खोच आहे. आपल्या शेवया नुसत्या वाळवलेल्या असतात, तळलेल्या नसतात. त्यांच्यासोबत मिठाची पुडीही येत नाही. फरक आहे तो इथेच.

पाकीट उलटे करून वाचा

डाळ-तांदूळ निवडून घेणाऱ्या आपण, पाकीट मात्र न वाचताच टोपल्यात टाकतो. यापुढे चष्मा लावून तीन गोष्टी वाचाव्यात.

पहिली, घटकांची यादी. जो पदार्थ सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहिलेला असतो. बहुतेक स्वस्त पाकिटांत पहिला मैदा आणि पाठोपाठ पामतेल असते. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'आटा' किंवा 'भाज्यायुक्त' लिहिले असले, तरी खरे काय ते मागची यादी सांगते.

दुसरी, प्रथिने. ७० ग्रॅमच्या पाकिटात साधारण ३०० उष्मांक असतात, पण प्रथिने पाच-सहा ग्रॅमच. मोठ्या बाईला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे भूक भागते, पण अंगी लागेल असे फारसे काही मिळत नाही. पोट भरल्यासारखे वाटते आणि दोन तासांनी पुन्हा खा-खा होते, ते यामुळेच.

तिसरी, मीठ. पाकिटावर 'सोडियम' म्हणून आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा निघतो. सोडियम ८०० मिलिग्रॅम लिहिले असेल तर मीठ झाले दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खा म्हणते. त्यातले दोन ग्रॅम एका पाकिटातच गेले. मग वरण, भाजी, लोणचे, पापड यांचे काय उरले? घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर त्याला पुडी घातलेली ही शेवई देऊच नये.

काही भगिनींना २०१५ सालची बंदी आठवत असेल. शिशाचे प्रमाण आणि पाकिटावरचा मजकूर यांवरून त्या वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा खात्याने मॅगीवर देशभर बंदी घातली होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवून नव्याने तपासण्या करायला सांगितल्या. त्यांत माल योग्य ठरला आणि नोव्हेंबरात पाकिटे पुन्हा दुकानांत आली. त्या गदारोळात आपण सगळ्याजणी शिशाचे बोलत होतो. रोजच्या मैद्या-मिठाचे मात्र कुणी बोलले नाही. माझ्या मते काळजी करायची ती याची.

आधी चार नियम

१. पाणी मोजून घ्यावे. एका पाकिटाला आपली आमटीची दीड वाटी पाणी पुरते. भाजी घालणार असाल तर दोन वाट्या. अंदाजाने भसाभस ओतले की शेवया गचगचीत होतात आणि चव पातळ होते.

२. पुडी अर्धीच घालावी. हा सगळ्यांत मोठा उपाय आहे. 'मग चव कशी येईल?' असे विचाराल. चव फोडणीने येते. अर्ध्या पुडीची उणीव लसूण, जिरे, आले, कोथिंबीर आणि लिंबू भरून काढतात. काही जणी शेवया उकळून पाणी ओतून टाकतात. त्याने थोडे तेल आणि थोडे मीठ जाते, हे खरे. पण मिठाचा मोठा वाटा पुडीत असतो. पाणी ओतायचे आणि वरून पुडी सबंध घालायची, याला काही अर्थ नाही.

३. शेवया किंचित कच्च्या असतानाच गॅस बंद करावा. झाकण ठेवले की आतल्या वाफेवर त्या पुऱ्या शिजतात. डब्यात द्यायच्या असतील तर अर्धा मिनिट आणखी आधी.

४. लिंबू नेहमी खाली उतरवल्यावर पिळावे. उकळत्यात पिळले तर त्यातले 'क' जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व भाजी-डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. चहा नेमका उलटे काम करतो. शेवया आणि सोबत कपभर चहा, ही जोडी पोरींनी मोडावी. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

घरची मसाला पुडी

साहित्य : धने ४ चमचे, जिरे २ चमचे, मिरे अर्धा चमचा, मेथीदाणे पाव चमचा, सुंठपूड १ चमचा, हळद अर्धा चमचा, लाल तिखट २ चमचे, आमचूर १ चमचा, साखर १ चमचा, मीठ २ चमचे, सोलून तव्यावर कोरड्या केलेल्या लसणाच्या ८-१० पाकळ्या.

कृती : धने, जिरे, मिरे, मेथ्या मंद आचेवर वेगवेगळ्या भाजाव्यात. मेथ्या फार भाजू नयेत, कडू होतात. गार झाल्यावर लसणासह बारीक कुटून बाकीचे जिन्नस मिसळावेत. कोरड्या बाटलीत भरून ठेवावे. एका पाकिटाला एक चमचा सपाट भरून पुडी बस्स होते. पाकिटातल्या पुडीत वास येतो तो याच धने-जिरे-लसूण-मेथ्यांचा. म्हणून मुलांना फरक फारसा कळत नाही. कळला तर सांगावे, ही मूर्तिजापूरची कंपनी आहे!

फोडणीच्या शेवया

साहित्य : शेवयांची २ पाकिटे, १ मोठा कांदा, ४ लसूण पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, मूठभर मटार, १ गाजर, मूठभर चिरलेला पालक किंवा मेथी, कढीपत्ता, मोहरी, जिरे, हळद, २ चमचे तेल, लिंबू, कोथिंबीर.

कृती : कढईत तेल तापवून आधी शेंगदाणे तळून बाजूला काढावेत. त्याच तेलात मोहरी, जिरे, लसूण, मिरची, कढीपत्ता यांची फोडणी करून कांदा लालसर परतावा. मटार, गाजर घालून दोन मिनिटे वाफ आणावी. साडेतीन वाट्या पाणी घालून उकळी आली की शेवया आणि दोन पाकिटांची मिळून एक पुडी, अथवा घरचा मसाला दोन चमचे घालावा. शेवया सुटल्या की पालक घालून गॅस बंद करावा. वाढताना शेंगदाणे, कोथिंबीर आणि लिंबू. शेंगदाणे आधीच घातले तर मऊ पडून मजा जाते.

पौष-माघात तुरीच्या शेंगा आल्या की मटाराऐवजी ओल्या तुरीचे दाणे घालावेत. दाणे आधी वाफवून घ्यावेत, नाहीतर कच्चे लागतात. हिरव्या लसणाची पात मिळाली तर कांद्याचीही गरज नाही. हिवाळ्यात ही चव बाजारच्या कुठल्याही पाकिटात मिळणार नाही.

सोयावड्यांच्या शेवया

आपल्या भागात सोयाबीन पिकते, पण ताटात येत नाही. सोयाबीनच्या वड्यांत निम्मी प्रथिनेच असतात. २५ ग्रॅम वड्या, म्हणजे लहान मूठभर, घातल्या तर बारा ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. म्हणजे पाकिटातल्याच्या दुप्पट! खर्च चार-दोन रुपयांचा.

कृती : लहान वड्या कडकडीत पाण्यात चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटे भिजवाव्यात. मग घट्ट पिळून पुन्हा साध्या पाण्यातून काढून पिळाव्यात. दोनदा पिळल्या की तो उग्र वास जातो. वास राहिला म्हणून मुले तोंड वाकडे करतात, आणि आपण समजतो की वड्याच आवडत नाहीत. पिळलेल्या वड्या कांदा-लसूण-तिखटावर चांगल्या खरपूस परताव्यात, मग वरच्याप्रमाणे पाणी आणि शेवया घालाव्यात.

अंडे घालून

ज्यांच्याकडे चालते त्यांच्यासाठी सर्वांत सोपा उपाय. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. शेवया शिजत आल्या, पाणी थोडे उरले, की आच मंद करून फेटलेले अंडे धारेने सोडावे आणि न ढवळता झाकण ठेवावे. अंडे पुरते घट्ट झाले की मगच हलवावे. लगेच ढवळले तर सगळे गढूळ दिसते आणि वास येतो. वरून मिरपूड.

वरणातल्या शेवया

ही कृती मला सर्वांत आवडते, कारण ती आपल्या वरणफळांची धाकटी बहीण आहे. दुपारचे तुरीचे वरण उरलेले असते. ते दीड वाटी घ्यावे, तेवढेच पाणी घालून सारखे करावे. लसूण, जिरे, हिंग, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी द्यावी. थोडी चिंच, थोडा गूळ, हळद, आणि काळा मसाला असेल तर अर्धा चमचा. उकळी फुटली की एका पाकिटाच्या शेवया मोडून घालाव्यात. पाकिटातली पुडी मुळीच नको. वरणात मीठ असतेच. तीन-चार मिनिटांत शेवया वरण पिऊन फुगतात. वरून चमचाभर तूप, कोथिंबीर. गरम गरमच खावे, थांबले की घट्ट गोळा होतो. डाळ, तूप आणि शेवया एका ताटलीत आल्याने हे नुसते खाणे राहत नाही, जेवण होते. घरात कणीक मळायचे त्राण नसेल त्या दिवशी मोठ्यांनीही खायला हरकत नाही.

खोलीवर राहणाऱ्या मुलांसाठी

आता त्या पोरीचा प्रश्न. खोलीवर गॅस नाही. मालक चालू देत नाहीत. पाणी तापवायची विजेची किटली तेवढी आहे. मुली त्या किटलीतच शेवया आणि मसाला घालून उकळतात. तसे करू नये. मसाला तळाला करपतो, पाणी उतू जाऊन विजेच्या भागात शिरायचा धोका असतो. किटलीत फक्त पाणी उकळावे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात शेवया मोडून ठेवाव्यात, वरून खळखळते पाणी ओतून, डबा टॉवेलात गुंडाळून पाच-सहा मिनिटे ठेवावा. शेवया छान मऊ होतात.

त्यात घालायला घरून एक पूड द्यावी. मी तिला 'शिदोरीची पूड' म्हणते. पूर्वी आमची शकुंतला मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला धावत असे. तिचा प्रवास इतका निवांत, की शिदोरीशिवाय कुणी पाऊल टाकीत नसे. गाडी बंद पडली, पण बाहेर निघालेल्या लेकराच्या हाती काहीतरी बांधून द्यायची आपली रीत का बंद पडावी?

साहित्य : भाजकी फुटाण्याची डाळ १ वाटी, शेंगदाणे १ वाटी, जवस अर्धी वाटी, तीळ पाव वाटी, कढीपत्ता २ मुठी, लसूण १०-१२ पाकळ्या, जिरे २ चमचे, लाल तिखट चवीप्रमाणे, आमचूर १ चमचा, मीठ १ चमचा.

कृती : शेंगदाणे, जवस, तीळ वेगवेगळे खमंग भाजावेत. जवस तडतडू लागले की उतरावेत. कढीपत्ता आणि लसूण तव्यावर अगदी कुरकुरीत होईपर्यंत कोरडे करावेत. ओलावा राहिला तर पूड टिकत नाही. सर्व गार झाल्यावर थोडे भरड वाटावे. फिरवता फिरवता मध्ये थांबावे, नाहीतर शेंगदाण्याला तेल सुटून लगदा होतो. कोरड्या डब्यात तीन आठवडे सहज राहते.

एका पाकिटाला या पुडीचे दोन मोठे चमचे घालावेत. साधारण ३० ग्रॅम भरतात, आणि सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पाकिटातल्या पुडीची चिमूट पुरते. वरून लिंबू. लिंबू महिनाभर टिकत नाही, पण कॉलेजच्या रस्त्यावर रोज मिळते.

सोबत घरच्या गव्हाच्या शेवया भाजून बरणी भरून द्याव्यात. बारीक शेवई भाजलेली असली म्हणजे त्याच डब्यात, त्याच पाण्यात सात-आठ मिनिटांत मऊ होते. मैदा नाही, तळण नाही, मिठाची पुडी नाही. पाकीट संपले त्या रात्री हीच दोन मिनिटांची शेवई समजावी.

एवढे मात्र लक्षात ठेवा

पाकिटात पालक घातला, जवस घातले, म्हणून साडेआठचे बारा होत नाहीत. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायांत रक्त कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. म्हणजे दर दोघींत एक, किंबहुना जास्तच. त्यात माझ्यातुमच्या घरच्या आल्याच. थकवा, धाप, केस गळणे, जीभ गुळगुळीत होणे याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नये. रक्त तपासावे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर पुऱ्या घ्याव्यात. चहा-दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात. गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊन मुली गोळ्या मध्येच सोडतात. तेही त्यांना आधी सांगून ठेवावे. खाणे औषधाला हात देते, औषधाची जागा घेत नाही.

लहान मुलांना कोरडी शेवई चुरून, वर पुडी भुरभुरून खायची सवय लागते. ती मोडावी. मीठ सगळे तसेच पोटात जाते. आणि कितीही सुधारली तरी ही शेवई आठवड्यातून एकदा-दोनदा, मधल्या वेळेची. रोज रात्रीचे जेवण म्हणून नव्हे.

आणि ती पोरगी?

तिने सांगू नका म्हटले होते. मी दोन दिवस गप्प राहिले. मग तिलाच म्हटले, "मी सांगणार नाही, पण तू सांग. आई पाकिटावर चिडते आहे, पाकिटामागचे तिला माहीतच नाही. तू दुखणे लपवलेस तर ती औषध चुकीचे करणार." निघायच्या आदल्या रात्री तिने सांगितले. वहिनी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, मी तिले आळशी म्हणत होती. हातभर जीभ चालवली मी. अन् पोरगी आमच्याचसाठी उपाशी राहे." वडील काही बोलले नाहीत म्हणे. उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळाने परत आले.

मग तिघांनी बसून हिशेब केला. दोन्ही वेळची मेस झेपत नव्हती. दुपारची एक वेळ झेपत होती. तेवढी सुरू केली, म्हणजे दिवसातून एकदा तरी पोळी-भाजी-वरण-भात पोटात जाईल. रात्रीसाठी पूड, भाजलेल्या शेवया, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि खोलीशेजारच्या दुकानातून रोज एक उकडलेले अंडे. पाकीट आठवड्यातून दोनदा, तेही वहिनींनी स्वतः विकत आणून पिशवीत घातले. "खाय बाई," म्हणाल्या, "पण माह्या पुडीसंगं खाय."

सासूबाईंनी वरून पितळेच्या डब्यात मूठभर सरगुंडे ठेवले. उन्हाळ्यातले शेवटचे. आता त्यांची बोटे वळत नाहीत. पुढच्या वैशाखात ते कोण करणार, हा प्रश्न आहेच. पोरगी म्हणाली, सुट्टीत शिकते. पाहू.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे आहे. आकडा थोडा तरी वर सरकेल अशी आशा आहे. भगिनींनो, तुमचीही मुले बाहेरगावी असतील. पुढच्या वेळी फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारू नका. "काय जेवलीस?" असे विचारा, आणि उत्तर ऐकून लगेच रागावू नका.

पुढच्या आठवड्यात हिवाळ्यातली तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि हिरव्या लसणाचा ठेचा. तोवर पूड करून पाहा, आणि कशी झाली ते जरूर कळवा.